आंबील प्यायलेली माणसं

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या पत्र्याच्या सावलीत, होळीपासून पाऊस लागेपर्यंत, सारजाबाई केंगले आंबील विकायला बसायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला दादाभाऊ. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्यावर जो प्रसंग आला त्यातला थोडा मी पाहिला, बाकीचा त्यांनी नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितला. त्यात माझा भाग एवढाच, की त्या दिवशी एक ग्लास मीही प्यायलो होतो.

मावशी आंबेगावच्या डोंगरातल्या. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तिथं भात आणि नाचणी. थंडी सरली की नाचणीचं पोतं घेऊन त्या वारूळवाडीला मुलाच्या खोलीवर यायच्या. मुलगा नवनाथ पिकअप चालवायचा. सून ज्योत्स्ना तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली.

आंबील मावशींच्या आयुष्यात आली ती दुखण्यातून. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना टायफॉइड झाला. घोडेगावच्या दवाखान्यात पंधरा दिवस इंजेक्शनं झाली, ताप गेला, पण पोट काही थाऱ्यावर येईना. भाताची पेजसुद्धा टिकेना. अंगावरचं लुगडं सारखं सैल व्हायचं. तेव्हा सासूनं नाचणीची आंबील पातळ करून दिली. पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी चार, असं महिनाभर. "औषधानं ताप घालवला, पन मला उभी केली ती आंबिलीनं," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. सांगताना आवाजात जाहिरात नसायची. त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता.

करण्याची पद्धतही सासूचीच. नाचणीचं पीठ संध्याकाळी पाण्यात कालवून मडक्यात ठेवायचं. मडक्याच्या तळाशी आदल्या दिवशीचं थोडं आंबवण राखलेलं असायचं, त्यामुळे ते मडकं कधी पुरतं रिकामं होत नसे आणि घासलंही जात नसे. सकाळी आंबलेलं पीठ उकळत्या पाण्यात घालून शिजवायचं, निवलं की ताक, मीठ, ठेचलेली लसूण आणि जिरं. आमच्या मार्केटमधले हमाल पहाटे उपाशीपोटी चार-चार चहा ढोसतात, त्यावर वडापाव. सगळ्यांची छाती जळते, सगळ्यांच्या खिशात अॅसिडिटीच्या गोळ्या. मावशी बसायला लागल्यापासून त्यातल्या कितीकांनी गोळ्या सोडल्या. हौशीराम नावाचा एक धिप्पाड हमाल होता, येडगावचा. तो उभ्या उभ्या तीन ग्लास रिचवायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुमी हाय म्हनून आमची आतडी हायेत."

त्या वर्षी ऊन फार होतं. शेजारच्या लस्सीच्या आणि उसाच्या रसाच्या गाड्यांवर बर्फ असायचा, म्हणून लोक मावशींनाही विचारू लागले, "बर्फ नाय का?" मग त्यांनीही त्या गाड्यांना बर्फ देणाऱ्या टेम्पोवाल्याकडून लादीचा तुकडा घ्यायला सुरुवात केली. भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळलेला तो तुकडा थर्माकोलच्या डब्यात ठेवायचा, लागेल तसा धुऊन फोडायचा आणि आंबिलीच्या भांड्यात सोडायचा.

गुरुवारी नेहमीसारखी विक्री झाली. शुक्रवारी सकाळी सातला मावशी आंबिलीची दोन्ही भांडी घेऊन आल्या तेव्हा माझं दुकान बंद होतं. मी घरी संडासाच्या आणि खाटेच्या मध्ये ये-जा करत होतो. गेटापाशी हमालही कमी दिसत होते. मावशींनी चुंबळ ठेवली, भांडं खाली टेकवलं, तेवढ्यात एक हमाल रस्ता ओलांडून आला.

"मावशी, मांडू नका आज."

"का रं?"

"हौशीराम दवाखान्यात हाय. रातीपासून जुलाब. त्याच्याबिगर आजून सात जन हायेत." मावशींच्या तोंडाकडे न बघता त्यानं पुढचं वाक्य उरकलं. "समदे तुमच्याकडं पिले व्हते."

मावशी सांगायच्या, की ते ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांना त्यांचं मडकं दिसलं. काळं, आतून बुळबुळीत, सासूच्या हातचं. कितीतरी वर्षांत न घासलेलं. आणि त्याच्या मागोमाग दिसली ज्योत्स्ना. गुरुवारी सकाळी कामाला लागायच्या आधी तिनं त्याच आंबिलीचा मोठा पेला भरून घेतला होता. मावशींनीच आग्रह करून दिला होता. घे, बाळाला हाडं येतील.

भांडी तिथंच सोडून त्यांनी रिक्षा केली. वारूळवाडीपर्यंत दहा मिनिटं लागतात. त्या म्हणाल्या, "त्या दहा मिनिटांत मी सून मेलेली बघितली, नातू मेलेला बघितला आन नवनाथनं मला दारातनं हाकललेलीबी बघितली."

खोलीचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. गॅस बंद, पोळपाटावर अर्धी लाटलेली भाकरीसारखी जाड पोळी. मावशी मागच्या बाजूच्या सामाईक संडासापाशी गेल्या आणि पत्र्याचं दार बडवू लागल्या.

"ज्योत्स्ना! ज्योत्स्ना, उघड!"

ज्योत्स्ना घाबरून बाहेर आली. "काय झालं आत्या? नवनाथला काय झालं का?"

"पोट दुखतंय तुजं? जुलाब व्हत्यात?"

"न्हाई हो."

"खरं सांग."

"खरंच न्हाई. सकाळी जरा मळमळलं, पन ते तर रोजचंच हाय."

मळमळलं, एवढाच शब्द मावशींनी धरला. त्यांनी तिला खाटेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या. का ते सांगेनात. पोरगी पाणी प्यायला उठली तरी त्या उठायच्या. ती मागच्या बाजूला गेली की मनात आकडे मोजायच्या आणि शंभराच्या आत ती परत आली नाही तर हाक मारायच्या. अधूनमधून कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढून वास घ्यायच्या. वास रोजचाच होता, आंबट, ओल्या मातीसारखा. पण इतकी वर्षं त्यांनी त्या वासावर विश्वास ठेवला होता, आता त्यांना तो विश्वासच खोटा वाटू लागला. चांगल्या आंबटाचा आणि नासलेल्या आंबटाचा वास आपल्याला खरंच वेगळा कळतो का? का आजवर नुसतं नशीब बरं होतं?

दुपारी नवनाथ आला. त्याला मार्केटमध्ये सगळं कळलं होतं. ज्योत्स्नाला त्याच्या हवाली करून मावशी सरकारी दवाखान्यात गेल्या. जाऊ नका, असं तो म्हणाला होता. पण हौशीराम कसा आहे ते बघितल्याशिवाय त्यांना घरात थांबवेना.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचीच गिऱ्हाइकं पडली होती. काही बाकांवर, काही खाली सतरंजीवर. एरवी लांबूनच मावशी म्हणून ओरडणारी माणसं भिंतीकडे तोंड करून होती. आत हौशीरामला दोन्ही हातांना सलाईन लावलेलं. मावशींनी त्याला ओळखलंच नाही. डोळे खोबणीत गेलेले, गाल आत, बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. एका रात्रीत त्या माणसातलं निम्मं पाणी कोणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं.

त्याची बायको सखूबाई उशाशी होती. तिनं मावशींना पाहिलं आणि उठून दारात आली.

"काय घातलं व्हतं त्यात?"

मावशी तिच्या खांद्यावरून आत हौशीरामकडे बघू लागल्या.

"मी इचारते, काय घातलं व्हतं? मडकं धूत न्हाई म्हनं तुमी. घान पाजली का मान्सांना?"

"सखू, माज्या सुनंनंबी..."

"तुमची सून हाय का हितं? न्हाई ना? माजा नवरा हाय. सकाळपास्नं त्याला लघवी न्हाई. किडनीवर आलंय म्हनत्यात. पुण्याला न्यायचाय. जावा हितनं!"

चारच्या सुमारास रुग्णवाहिका आली आणि हौशीरामला पुण्याला घेऊन गेली. मावशी दवाखान्याच्या फाटकापाशी उभ्या होत्या. गाडी जवळून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

शनिवारी आजाऱ्यांचा आकडा चौदावर गेला. त्यात मी होतो. मला दोन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर काढावे लागले, पण भरती व्हावं लागलं नाही. चौदातले तिघे नुसता उसाचा रस प्यायले होते, पण मार्केटमध्ये एकच बोलणं चालू होतं, न धुतलेलं मडकं. कोणी म्हणे त्यात अळ्या होत्या. कोणी म्हणे बाईनं शिळं ताक घातलं. आरोग्य खात्याची माणसं येऊन गेली. नवनाथनं मडकं फोडायला उचललं, तेव्हा मावशी आडव्या झाल्या.

"राहू दे. तपासायला मागितलं तर काय दाखवशील?"

"आई, तुला तुरुंगात टाकतील!"

"टाकू दे. पन काय झालं ते मला कळू दे."

त्यांना पोलिसांची भीती नव्हती असं नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली तरी त्या दाराआड व्हायच्या. पण त्याहून मोठी भीती होती ती पुण्याहून येणाऱ्या फोनची. नवनाथचा मोबाइल वाजला की त्या दोन्ही हात कानांवर ठेवायच्या. हौशीरामचं डायलिसिस सुरू झाल्याचं समजलं होतं. डायलिसिस म्हणजे काय ते त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं. तिनं सांगितलं, यंत्रानं रक्त धुतात.

ज्योत्स्ना मात्र ठणठणीत होती. नवनाथलाही काही झालं नव्हतं. गुरुवारी सकाळी घरात तिघांनीही आंबील घेतली होती, हे मावशी पुनःपुन्हा मनात घोळवत होत्या. पण त्यानं धीर येत नव्हता. उद्या होईल, परवा होईल, असंच वाटायचं.

रविवारी बोलणं फिरलं. मार्केटच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलेलं निघालं, आत शेवाळ. झालं, लोकांनी मडकं सोडून टाकी धरली. नवनाथ हसत घरी आला. "सुटलो आई! टाकीचं पानी व्हतं ते. समदे तेच म्हनत्यात."

मावशींनाही हायसं वाटलं. पण त्या टाकीचं पाणी वापरत नव्हत्या. घरून हंडा आणायच्या. मग आपली माणसं आजारी कशी? हा प्रश्न त्यांनी नवनाथला विचारला नाही.

सोमवारी त्या माझ्या दुकानाशी राहिलेली भांडी न्यायला आल्या. मी नुकताच उठून दुकान उघडलं होतं, अंगात त्राण नव्हतं. मावशी माझ्याकडे बघून रडायलाच लागल्या. मी म्हणालो, "अहो मावशी, जिवंत आहे मी." तेवढ्यात बेल्ह्याच्या बाजाराहून परतलेले चांगदेवबाबा दुकानात शिरले. म्हातारे बैलांचे व्यापारी, सातबाराच्या झेरॉक्स काढायला नेहमी यायचे.

"काय सारजाबाई, आंबील बंद का? चार दिवस झाले, पोट साफ न्हाई माजं."

मावशींनी डोळे पुसले. "बाबा, तुमी बिस्तरवारी पिला व्हता ना?"

"दोन ग्लास पिलो."

"मग तुमाला काय झालं न्हाई?"

"मला काय व्हतंय?"

मी काउंटरमागून पाहत होतो. मावशींचा चेहरा आधी उजळला. म्हणजे मडकं खरं होतं, सासूचं आंबवण खरं होतं. आणि मग त्याच चेहऱ्यावरचं रक्त कोणीतरी ओढून घ्यावं तसा तो पांढरा पडला. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाबा, तुमी बर्फाबिगर घेता ना?"

"दात हायेत का मला बर्फ सोसायला? ठनकत्यात. नेहमी बर्फाच्या आधीचीच घेतो मी."

घरी तिघांनी प्यायली ती बर्फाच्या आधीची. बाबांनी घेतली तीही. मावशी माझ्या स्टुलावर बसल्या. भांड्यांशेजारी त्यांचा थर्माकोलचा डबा गुरुवारपासून तसाच पडला होता. त्यांनी झाकण उचललं. तळाशी बोटभर गढूळ पाणी आणि भुश्याचे कण होते.

"दादाभाऊ," त्या म्हणाल्या, "मीच घातलं वो. माज्या हातानं."

नवनाथला हे त्यांनी संध्याकाळी सांगितलं. त्यानं एकदम उठून दार लावून घेतलं. "आई, आता गप बस. टाकीवर गेलंय ना? जाऊ दे. हौशीराम गेला तर काय करशील? सदोष मनुष्यवध लागतो. माजं पोर आजीबिगर जन्मायचं."

ती रात्र कशी काढली ते मावशींनी कधी सांगितलं नाही. सकाळी गेटापाशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा लस्सीच्या गाडीवाल्यानं बर्फाची नवी लादी उतरवून घेतली होती. तोच टेम्पो होता. दोन शाळकरी मुली लस्सीचे ग्लास हातात घेऊन उभ्या होत्या. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चला माज्यासंगट. मला एकटीनं बोलता येनार न्हाई."

थर्माकोलचा डबा त्यांनी स्वतः उचलला. दवाखान्याच्या पायऱ्या मी त्यांना धरून चढवल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, चार दिवसांत झोप न झालेल्या. मावशींनी त्यांच्या टेबलावर डबा ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं: कोण प्यायलं, कधी, बर्फाच्या आधी की नंतर. बाई लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी पेन थांबवलं.

"घरातल्या कोणालाच काही झालं नाही?"

"न्हाई. सून पोटुशी हाय, तिलाबी न्हाई."

"बसा मावशी. आंबिलीत दोष दिसत नाही. तुम्ही ती शिजवता, ताकानं ती आंबट राहते, आणि आंबट जिनसात वाईट जंतूंना सहसा जम बसवता येत नाही. पण वरून घाण पाणी पडत राहिलं तर तो आंबटपणा कुठवर पुरणार? हा बर्फ पिण्याचा नसावा. मासळीखाली घालायचा असतो तसला असणार."

"म्हंजे चूक माजीच."

डॉक्टरबाईंनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "घेताना विचारायला हवं होतं. पण आज तुम्ही सांगायला आला नसतात तर उद्या अजून वीस जण इथं भरती झाले असते."

त्या दुपारी आरोग्य खात्यानं सगळ्या गाड्यांवरचा बर्फ फेकायला लावला. टेम्पोवाला त्यानंतर दिसला नाही. काही दिवसांनी अहवाल आला. रोग्यांच्या पोटातले जंतू आणि डब्यातल्या पाण्यातले जंतू एकच निघाले. मावशींना नोटीस आली, त्या सीझनपुरती विक्री बंद झाली. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं नाही. पण लस्सीवाला आणि रसवाला त्यांच्या खोलीसमोर येऊन शिव्या देऊन गेले, तुझ्यामुळं आमचा धंदा बसला म्हणून. नवनाथ आईशी आठ दिवस बोलला नाही.

आणि हौशीराम पुण्यातच होता. मावशींना लोकांच्या शिव्या ऐकू येत नव्हत्या असं नाही, पण त्यांचं सगळं लक्ष त्या फोनकडे होतं. एकदा त्याच्या छातीत पाणी झाल्याचं कळलं. एकदा कोणीतरी थेट सांगितलं, की तो गेला. मावशी ओसरीवरच कोसळल्या; तासाभरानं नवनाथनं चौकशी करून सांगितलं, खोटं आहे. तीन वेळा डायलिसिस झाल्यावर लघवी सुरू झाली. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. ज्योत्स्नानं ते सांगितलं तेव्हा मावशी हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसत्या जमिनीवर आडव्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपल्या.

हौशीराम घरी आला, पण क्रेट उचलण्याजोगा राहिला नाही. पोट तर पार बिघडलेलं. भारी औषधांनी चांगलं-वाईट सगळंच धुऊन नेलं, असं डॉक्टरबाईंनी सखूबाईला समजावलं. काही खाल्लं की फुगायचं, पातळ व्हायचं. हळूहळू ताक द्या, दही द्या, मऊ आंबवलेलं द्या, पोट पुन्हा वसायला वेळ लागेल, असं त्या म्हणाल्या. सखूबाईनं घरी आंबील करून पाहिली. कधी फसायची, कधी कडू व्हायची.

जुलैमध्ये मावशी गावी जायला निघाल्या होत्या, ज्योत्स्नाच्या बाळंतपणाला परत यायचं ठरवून. त्या दिवशी सखूबाई वारूळवाडीला आली. हातात स्टीलचा डबा होता. ती आत आली नाही, बसलीही नाही.

"आंबील हाय का?"

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "कोनासाठी?"

"त्येंच्यासाठी. बाई म्हनल्या, द्या म्हनून."

"सखू, माज्या हातची नगं. दुसरीकडनं घे. मला भ्या वाटतं."

"मला काय भ्या वाटत न्हाई व्हय?" सखूबाईचा आवाज चढला आणि मधेच तुटला. "पन त्येंच्या पोटात काय टिकंना. लाकूड झालंय नुसतं. द्या. पन आधी माज्यासमोर तुमी प्या."

मावशींनी वाटी भरून घेतली आणि तिच्या देखत प्यायली. थोडी पदरावर सांडली. सखूबाई डबा न भरताच वळली.

"उद्या येते," ती म्हणाली. "तुमी कशा हाय ते बघून नेईन."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. मावशींना दारात उभ्या पाहिलं, डबा पुढं केला. मावशींनी निम्माच भरला. दिवसाला चार चमचे, त्याहून जास्त नको, असं बजावलं. सखूबाईनं मान हलवली आणि निघाली. मावशींनी गावाला जाणं पुढं ढकललं. पुढचे तीन दिवस त्या खोलीतच थांबल्या, नवनाथचा मोबाइल उशाशी घेऊन.

चौथ्या दिवशी सखूबाईचा फोन आला. पोटात टिकलं होतं. तिनं विचारलं, "आजून मिळंल का?"